साड्यांखाली ठेवलेला रिपोर्ट

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी ऐरोलीला राहते, वय ४७, पाळी अजून चालू आहे. महिला दिनाच्या निमित्ताने आमच्या सोसायटीत तपासणीची गाडी आली होती. मैत्रिणींनी नावं दिली म्हणून मीही मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, करून घेतली. हाताला गाठ लागत नाही, दुखत नाही, कसलाच त्रास नाही. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. त्यात लिहिलंय की दोन्ही बाजूंची ऊती दाट आहे, डावीकडे वरच्या बाहेरच्या भागात ‘फोकल असिमेट्री’ दिसते, जादा व्ह्यू आणि सोनोग्राफी करावी. आणि सगळ्यात शेवटी ‘बायरॅड्स ०’. शून्य म्हणजे काही नाही, असं मी मनाला समजावलं, पण मग जादा तपासण्या कशाला? फाईल कपाटात साड्यांखाली ठेवली, त्याला दीड महिना झाला.

माझ्या मावशीला ६२व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता, आता ती बरी आहे. शेजारच्या वहिनी म्हणतात, सरळ एमआरआय कर, म्हणजे शंकाच नको. व्हॉट्सॲपवर आलंय की मॅमोग्राफीत दाबल्याने गाठ फुटून पसरते. स्टेशनजवळ एका ठिकाणी उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने तपासतात, ‘ना दाब, ना किरण’ अशी पाटी आहे. शिवाय आमच्या गावी म्हणतात, गाठीला सुई लागली की कॅन्सर खवळतो. हे म्हणतात, काही दुखत नाही तर खाजवून खरूज कशाला काढायची? घरात २२ वर्षांची मुलगी आहे, ७१ वर्षांच्या सासूबाई आहेत. त्यांचंही करायचं का? नेमकी कुठली तपासणी करू, तेवढं सांगा.

उत्तर

ताई, आधी त्या शून्याबद्दल बोलू, कारण तुमचा दीड महिना त्याच्यापायी गेला.

बायरॅड्स ही अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने बसवून दिलेली पद्धत आहे. स्तनाचा रिपोर्ट कोणीही लिहिला तरी शेवट एकाच भाषेत व्हावा, म्हणून ० ते ६ असे आकडे ठरवलेले आहेत. १ म्हणजे काही सापडलं नाही. २ म्हणजे काहीतरी दिसलं, पण ते निरुपद्रवी आहे. ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवीच, कॅन्सरची शक्यता शंभरात दोनपेक्षा जास्त नाही, पण सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. ४ आला की सुईने तुकडा काढून तपासायचा. या ४चे पुन्हा ए, बी, सी असे भाग आहेत आणि ४ए मध्ये शक्यता शंभरात दोन ते दहा इतकीच असते, हेही लक्षात असू द्या. ५ म्हणजे कॅन्सरची जवळजवळ खात्री. ६ म्हणजे निदान आधीच झालेलं आहे. आणि ० म्हणजे ‘माझं बघून झालेलं नाही, मला अजून चित्रं हवीत’. तुम्ही शून्याचा अर्थ ‘काही नाही’ असा घेतलात आणि दुसऱ्याच क्षणी ‘फार वाईट’ असाही घेतलात. तो दोन्ही नाही. डॉक्टरांनी वाक्य अर्ध्यावर सोडलंय आणि ते पुरं करायला तुम्ही यायची वाट बघतायत.

ठाण्यात पंचवीस वर्षं अंधाऱ्या खोलीत बसून मी अशाच फिल्म वाचल्या. शून्य लिहिताना हात कचरत नाही, कारण ते रोजचंच असतं. अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे स्क्रीनिंगची, म्हणजे कसलाही त्रास नसताना, मॅमोग्राफी केलेल्या शंभर बायकांतल्या साधारण दहा जणींना पुन्हा बोलवावं लागतं, आणि त्या दहांतल्या बहुतेकींना कॅन्सर नसतो. पहिल्यांदाच मॅमोग्राफी केली असेल तर हे बोलावणं जास्त येतं, कारण तुलनेला जुनी फिल्म नसते. तुमचं हेच झालंय.

आता ‘फोकल असिमेट्री’. मॅमोग्राफीत प्रत्येक बाजूची दोन चित्रं घेतात, एक वरून आणि एक तिरकं. डाव्या-उजव्या बाजू शेजारी ठेवल्या की साधारण आरशातल्यासारख्या दिसायला हव्यात. तुमच्या डावीकडे एक पांढरट भाग दोन्ही चित्रांत जास्तीचा दिसतोय, पण त्याला गाठीसारखी कडा नाही. स्तनाच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात ग्रंथींची ऊती मुळातच जास्त असते, त्यामुळे ती एकावर एक चढून असा ढग दिसणं फार सामान्य आहे. कॅन्सरही याच कोपऱ्यात जास्त होतात, हेही तितकंच खरं. म्हणून त्या ढगाकडे दुर्लक्ष करायचं नाही. मी तुमची फिल्म पाहिलेली नाही, तुम्ही पाठवलेला मजकूर तेवढा वाचलाय. तेव्हा ‘काही नसेल हो’ असं मी म्हणणार नाही. ते म्हणायचा हक्क पुढच्या दोन तपासण्यांना आहे.

तुमच्या रिपोर्टात ‘दाट ऊती’ असंही लिहिलंय, त्याला घाबरू नका. तो आजार नाही. चरबी जास्त असेल तर फिल्मवर स्तन काळसर दिसतो, ग्रंथी जास्त असतील तर पांढरा. हाताला लागून हे कळत नाही, फिल्मवरच कळतं. पाळी चालू असलेल्या वयात दाट ऊती सर्रास असते. अडचण एवढीच की गाठही पांढरीच दिसते. तांदूळ निवडताना काळा खडा लगेच नजरेत भरतो, पांढरा खडा मात्र दाताखाली आल्यावरच कळतो ना, तसं. दाट ऊतीमुळे धोका थोडा वाढतो हेही माहीत असावं, पण तुमच्यासाठी तिचा खरा अर्थ असा की निव्वळ मॅमोग्राफीवर थांबायचं नाही, सोबत सोनोग्राफी हवी.

म्हणजे तुम्हाला करायच्या तपासण्या दोन. त्याच जागेचे जादा मॅमोग्राफी व्ह्यू आणि त्याच जागेची सोनोग्राफी.

जादा व्ह्यूमध्ये लहान पट्टी वापरून तेवढाच भाग दाबतात. पाटावर कणकेचा गोळा पसरावा तशी ऊती पसरते. नुसती एकावर एक चढलेली असेल तर ढग विरून जातो. खरंच काही असेल तर ते जागचं हलत नाही, उलट कडा स्पष्ट होतात. काही केंद्रांत आता टोमोसिंथेसिस मिळतं, ज्याला लोक ‘थ्रीडी मॅमोग्राफी’ म्हणतात. त्यात मशीनचं डोकं कमानीसारखं फिरतं, थोड्या थोड्या किरणांत बरीच चित्रं घेतं आणि संगणक त्यांचे पातळ थर करून दाखवतो. ढगामागे काय आहे ते एकेक थर उलगडून बघता येतं. मिळालं तर छान, नाही मिळालं तर साध्या जादा व्ह्यूवरही काम होतं. त्यासाठी शहरभर फिरत बसू नका.

सोनोग्राफीत किरण नसतात, आवाजाच्या लहरी असतात. जेल लावून प्रोब फिरवला की पाण्याची गाठ काळीभोर दिसते आणि तिच्यामागे उजळ पट्टा येतो, भरीव गाठ राखाडी दिसते. मॅमोग्राफीत दोन्ही पांढऱ्याच दिसतात, त्यामुळे पाणी की भरीव हे सोनोग्राफीच सांगते. काखेतल्या गाठीही तिथेच बघून घेतात. पण एक गोष्ट इथे थोडी सविस्तर सांगते, कारण यात माझ्या घरचं माणूस पोळलंय.

माझ्या आत्याच्या मॅमोग्राफीत चुन्याचे बारीक ठिपके दिसले होते, चिमूटभर मीठ सांडावं तसे, एकाच जागी दाटीने. तपासणी जिथे केली त्यांनी पुढच्या तपासण्या लिहून दिल्या. घरच्यांनी सोयीचं म्हणून घराजवळ दुसरीकडे सोनोग्राफी केली. सोबत फिल्म नेली नाही, नुसतं ‘छातीची सोनोग्राफी करायची आहे’ म्हणून सांगितलं. तिथेही कोणी ‘का करताय, आधीचं काही आहे का’ असं विचारलं नाही. रिपोर्ट आला, नॉर्मल. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि फाईल बंद झाली. मी तेव्हा परगावी शिकत होते, मला ‘सगळं ठीक आहे’ एवढंच फोनवर कळलं. अकरा महिन्यांनी आंघोळ करताना तिच्या हाताला गाठ लागली. चुन्याचे असे ठिपके सोनोग्राफीत बहुधा दिसतच नाहीत, ते मॅमोग्राफीचं काम आहे. सोनोग्राफी खोटी नव्हती, तिला प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता. आत्याचं ऑपरेशन झालं, केमो झाली, आज ती आहे, पण त्या अकरा महिन्यांचा मला अजूनही राग येतो.

म्हणून ताई, सोनोग्राफीला जाताना मॅमोग्राफीची चित्रं सोबत हवीतच. नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही. ज्यांनी सोसायटीत गाडी आणली त्यांच्याकडे सीडी किंवा फिल्म मागा, तो तुमचा हक्क आहे. शक्य असेल तर जिथे मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी एकाच छताखाली होते आणि एकच डॉक्टर दोन्ही बघतात, अशा ठिकाणी जा. ठाण्यात आणि वाशी-नेरुळकडे अशी केंद्रं आहेत. फोन करताना असं सांगा: ‘स्क्रीनिंगमध्ये बायरॅड्स ० आलंय, डावीकडे फोकल असिमेट्री आहे, जादा व्ह्यू आणि त्या जागेची सोनोग्राफी एकाच दिवशी करायची आहे, जुनी चित्रं मी आणते.’ एवढं वाक्य ऐकलं की समोरच्याला काम कळतं. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये जागा घड्याळाच्या काट्याप्रमाणे लिहिलेली असावी, जसं ‘डावी बाजू, २ वाजताची जागा, निपलपासून इतके सेंटिमीटर’, आणि मॅमोग्राफीत दिसलेल्या भागाशी ती जुळते की नाही, हेही. सोनोग्राफीत काहीच दिसलं नाही पण जादा व्ह्यूत ढग कायम राहिला, तर सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून प्रकरण मिटत नाही. मग मॅमोग्राफीवर बघूनच तुकडा घ्यावा लागतो, तशी सोय असते.

आता दाबण्याची भीती. मॅमोग्राफीच्या खोलीत तुम्ही एकदा जाऊन आलात, तेव्हा तुम्हाला माहीत आहे: गार प्लेट, टेक्निशियन ताई हाताने स्तन नीट पसरवते, ‘खांदा सैल सोडा, मान तिकडे, श्वास धरा’, वरची पट्टी खाली येते, चारपाच सेकंद डोळ्यांत पाणी आणणारा दाब, आणि सुटका. हा दाब हौसेचा नाही. ऊती पातळ झाली की चित्र स्वच्छ येतं आणि किरणही कमी लागतात. त्याने गाठ फुटत नाही आणि कॅन्सर पसरतही नाही. किरणांचं म्हणाल तर दोन्ही बाजूंच्या एका मॅमोग्राफीत साधारण ०.४ मिलीसिव्हर्ट मिळतात. जमिनीतून, आकाशातून, हवेतून आपल्याला आपोआप मिळणाऱ्या किरणांचं जगाचं सरासरी मान वर्षाला सुमारे २.४ मिलीसिव्हर्ट आहे. म्हणजे घरी बसून दोन महिन्यांत जेवढे किरण मिळतात, तेवढेच. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात स्तन कमी दुखरे असतात, तेव्हाची वेळ मिळाली तर दाब सुसह्य होतो. पण केंद्राची तारीख वेगळी मिळत असेल तर पाळीसाठी महिनाभर पुढे ढकलू नका.

उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल मी स्पष्टच लिहिते. तो कातडीचं तापमान मोजतो. आत काय आहे ते त्याला दिसत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, बायकांना उघड इशारा दिलेला आहे की ही तपासणी मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही. ‘ना दाब, ना किरण’ हे खरं असेल, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तरही त्यात नाही. तुमच्या हातात शंकेचा रिपोर्ट असताना तिथून ‘सगळं हिरवं’ असा रंगीत कागद मिळाला तर तुम्ही फाईल पुन्हा साड्यांखाली ठेवाल, मला त्याची भीती वाटते.

वहिनींचा एमआरआयचा सल्ला प्रेमापोटी आहे, पण आत्ता नको. एमआरआय फार संवेदनशील तपासणी आहे. पालथं झोपवतात, शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात, अर्धाएक तास स्थिर राहावं लागतं. जिथे रक्तपुरवठा जास्त तिथे ते औषध चमकतं. अडचण अशी की कॅन्सर चमकतो तशा कितीतरी निरुपद्रवी गोष्टीही चमकतात, आणि पाळी चालू असलेल्या बाईत सगळी ऊतीच थोडीफार उजळते. मग नसलेल्या शंकांच्या मागे सुया आणि फेऱ्या सुरू होतात. शिवाय चुन्याच्या ठिपक्यांच्या रूपात असलेला अगदी सुरुवातीचा आजार काही वेळा एमआरआयमध्ये सुटतो. म्हणजे ‘शंकाच नको’ हे वचन एमआरआयही देऊ शकत नाही. ज्यांच्यात बीआरसीए १ किंवा २ या जनुकांतला दोष सापडलेला आहे, किंवा घराण्यामुळे ज्यांचा आयुष्यभराचा धोका २० टक्क्यांच्या वर जातो, त्यांना दरवर्षी मॅमोग्राफीच्या जोडीला एमआरआय सांगतात. निदान झाल्यावर आजार किती पसरलाय हे बघायलाही काही जणींना लागतो. तुमच्या जादा व्ह्यू आणि सोनोग्राफीनंतरही डॉक्टरांना गुंता वाटला तर ते स्वतः सांगतील, तेव्हा जरूर करा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तो आधी सांगायचा.

मावशीला ६२व्या वर्षी झाला, एवढ्यावरून तुम्ही त्या जास्त धोक्याच्या गटात जात नाही. पण घरी शांतपणे विचारून घ्या: आईकडे किंवा वडिलांकडे कोणाला पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर, कोणाला अंडाशयाचा कॅन्सर, कुठल्या पुरुषाला स्तनाचा कॅन्सर झाला होता का? वडिलांकडची बाजू आपल्याकडे कोणी मोजत नाही, पण जनुकांतला हा दोष वडिलांकडूनही तितकाच येऊ शकतो. आत्यांची, आजीची माहिती काढा. असं काही निघालं तर डॉक्टरांना सांगा, मग हिशेब बदलतो.

सुईचा विषय. ‘गाठीला सुई लागली की कॅन्सर खवळतो’ हे वाक्य मी ठाण्यात, कळव्यात, खेड्यातून आलेल्या आणि टॉवरमध्ये राहणाऱ्या, सगळ्या बायकांच्या तोंडून ऐकलंय. याचा उगम मला कळतो. पूर्वी बायका फार उशिरा यायच्या, सुई लागेपर्यंत आजार पुढे गेलेला असायचा, मग दोष सुईला लागायचा. सुईने तुकडा काढल्याने रोग्याचं आयुष्य कमी होत नाही. उलट तुकडा न तपासता उपचार करणं म्हणजे पत्ता न विचारता बैलगाडी हाकणं. तुम्हाला ही वेळ येईलच असं नाही, पण आली तर काय होतं ते सांगते. सोनोग्राफी लावून जागा बघतात, कातडी बधिर करतात, तो चिमटा तेवढा लागतो. मग जाड सुई आत जाते आणि स्प्रिंगचा ‘टक्’ असा आवाज येतो. त्या आवाजालाच बायका दचकतात, म्हणून मी आधी एकदा हवेत वाजवून दाखवायचे. असे तीनचार तुकडे काढतात, शेवयांच्या बारीक तुकड्यांसारखे दिसतात. नंतर दहा मिनिटं दाबून धरायचं, बर्फ लावायचा, घरी जायचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा.

इथे एक गोष्ट मी हात जोडून सांगते, तुम्हालाच नाही, हे वाचणाऱ्या प्रत्येकीला. लहान दवाखान्यात कोणी म्हणालं की ‘गाठ आहे ना, काढून टाकू, मग तपासायला पाठवू’, तर थांबा. आधी मॅमोग्राफी-सोनोग्राफी, मग सुईने तुकडा, त्याचा रिपोर्ट, आणि मग ऑपरेशनचा विचार, हा क्रम आहे. गाठ कॅन्सरची निघाली तर आधी अंदाजाने केलेल्या कापाकापीमुळे पुढचं ऑपरेशन अवघड होतं, काही वेळा दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागतं, आणि स्तन वाचवण्याची संधी हातची जाते. तुकड्यावरूनच कॅन्सरच्या पेशींवर हार्मोन पकडणारे रिसेप्टर आणि हर-टू नावाचं प्रथिन आहे का ते कळतं आणि औषधं त्यावर ठरतात. नुसत्या पातळ सुईने पाणी किंवा पेशी ओढून ही सगळी माहिती नीट मिळत नाही, म्हणून जाड सुईचा तुकडा मागायचा. आणि ‘एकदाच पेट स्कॅन करून सगळं अंग बघून घेऊ’ असं कोणी सुचवलं तर तेही निदानाच्या आधी नको. तो स्कॅन निदान झाल्यावर, आजार पुढच्या टप्प्यात असण्याची शंका असेल तेव्हा, कुठे पसरलाय ते बघायला असतो.

तुमच्या यजमानांचं ‘दुखत नाही तर कशाला’ हे मी रागावून घेत नाही, बहुतेक घरांत हेच बोलतात. पण त्यांना सांगा की सुरुवातीचा कॅन्सर सहसा दुखत नाहीच. दुखणं बहुतेक वेळा पाळीच्या चक्राचं असतं. स्क्रीनिंग म्हणतात ते याचसाठी, त्रास नसलेल्या बाईत शोधायचं. आणि हेच उलटही लक्षात ठेवा: कधी हाताला गाठ लागली, निपल आत ओढलं गेलं, त्यातून रक्तासारखं पाणी आलं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली, तर आदल्या महिन्याची मॅमोग्राफी नॉर्मल होती म्हणून गप्प बसायचं नाही. मॅमोग्राफीत आठांतला साधारण एक कॅन्सर सुटतो.

मुलीला २२व्या वर्षी मॅमोग्राफी करायची नाही. त्या वयात ऊती इतकी दाट असते की फारसं दिसत नाही, आणि विनाकारण किरण कशाला द्यायचे? तिला कधी गाठ लागली तर तिशीच्या आत पहिली तपासणी सोनोग्राफीच. त्या वयातल्या गाठी बहुतेक वेळा निरुपद्रवी फायब्रोअ‍ॅडिनोमा असतात, पण दाखवायच्या. सासूबाईंची तब्येत एरवी ठणठणीत असेल तर त्यांचं जरूर करा. अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने २०२४मध्ये ४० ते ७४ वयापर्यंत दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी असं सांगितलंय. वय झालं की ऊतीत चरबी वाढते, फिल्म स्वच्छ येते, त्यामुळे सासूबाईंची फिल्म तुमच्यापेक्षा सोपी निघेल बघा. तुमचं यावेळी सगळं नीट निघालं तरी पुढच्या वेळी ही जुनी सीडी घेऊनच जायचं.

तुमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशी असतील, त्यांच्यासाठीही एक लिहिते, कारण मॅमोग्राफी सगळ्यांच्या आवाक्यात नाही. टाटा मेमोरियलने १९९८मध्ये मुंबईच्या वस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यांतल्या निम्म्या जणींचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले, अशा चार फेऱ्या झाल्या. डॉक्टर नव्हेत, आरोग्यसेविकाच. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचा निकाल २०२१मध्ये प्रसिद्ध झाला: तपासलेल्या गटात आजार लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या आजाराचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही, म्हणून तुम्हाला मी हाताच्या तपासणीवर थांबायला सांगणार नाही. पण ज्यांच्या वाट्याला मशीन येत नाही त्यांनी सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन तिथल्या सिस्टरांकडून हाताने तपासून घ्यावं. तिशीपुढच्या बायकांसाठी ही तपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे.

पुढे उपचारांची वेळ आलीच, तर खारघरला टाटाचंच अ‍ॅक्ट्रेक आहे, नवी मुंबईतून परळपर्यंत धावायलाच हवं असं नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात, रेशनकार्ड आणि आधार फाईलमध्ये असू द्या. हे लिहिताना तुम्हाला कॅन्सर आहे असं मी मानलेलं नाही. मला फक्त तुमच्या मनात ‘झालाच तर आपण काय करणार’ ही भिंत राहायला नको आहे, कारण माझ्या अनुभवात बायका तपासणीपेक्षा त्या भिंतीपाशी जास्त अडतात.

येत्या सोमवारी फोन करून तारीख घ्या. जाताना साडी नको, वर-खाली वेगळे कपडे घाला, म्हणजे कमरेवरचेच काढावे लागतील. त्या दिवशी पावडर आणि डिओ लावू नका, त्यांचे कण फिल्मवर चुन्याच्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि नसता घोळ होतो. मुलीला सगळं सांगा आणि सोबत न्या. ती २२ वर्षांची आहे, तुम्ही समजता त्यापेक्षा तिला जास्त कळत असेल, आणि सोनोग्राफी होईपर्यंत बाहेरच्या बाकावर तुमची पर्स आणि सीडी धरून बसायला कोणीतरी आपलं हवं. दुसरा रिपोर्ट आला की शेवटच्या ओळीतला आकडा मला कळवा.